व्यवहारांतलें शास्त्र : पेढीवरील टेलिफोन

दुकानाची पायरी चढून आलेल्या गिऱ्हाइकाकडे कोणी पाठ फिरवीत नाहीं. त्याला बसावयास सांगतात, पाणी देतात, आणि मालक बाहेर गेले असतील तर ते केव्हां येतील तेंहि सांगतात. परंतु तोच गृहस्थ टेलिफोनवरून आला कीं त्याची अवस्था पुष्कळदां निराळी होते. घंटा वाजत राहते. कोणी उचललाच तर 'थांबा' म्हणून नाहींसा होतो. किंवा तीन टेबलांवर फिरवाफिरव होऊन शेवटीं संबंधच तुटतो. पायरीवरून परत गेलेला मनुष्य निदान दिसतो तरी. तारेवरून परत गेलेला दिसतहि नाहीं. म्हणून या महिन्यांत पेढी, दवाखाना, शाळा अशा ठिकाणच्या टेलिफोन-यंत्रणेविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रत्येकाच्या खिशांत मोबाईल आल्यावर हा विषय जुना झाला, असें कोणी म्हणेल. पण मोबाईलचा नंबर माणसाचा असतो, पेढीचा नसतो. दहा वर्षें स्वतःच्या मोबाईलवरून गिऱ्हाइकांशीं बोलणारा मुनीम उद्यां नोकरी सोडून गेला, तर पेढीचीं निम्मीं गिऱ्हाइकें त्याच्या खिशांतून जातात. एकत्र कुटुंबाच्या धंद्यांत तर हें अधिकच जाणवतें. थोरल्या भावाला आलेली मागणी धाकट्याला कळत नाहीं. धाकट्यानें सांगितलेला भाव थोरल्याला ठाऊक नसतो. आणि एकाच मालाचे दोन भाव बाजारांत गेले म्हणजे त्याची कटकट माजघरापर्यंत येऊन पोंचते. संस्थेचा नंबर एक असावा, आणि त्यामागें कोणी बोलावयाचें हें संस्थेनें ठरवावें, एवढ्याचसाठीं ही सारी यंत्रणा आहे.

दूरच्या वार्तेची किंमत वऱ्हाडाला नव्यानें शिकवावयास नको. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तेव्हां इकडच्या कापसाला विलायतेंत एकाएकीं मागणी आली. पुढें १८७० सालीं व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्तें खामगांवचा रेल्वे-फांटा उघडला, आणि लिव्हरपूलच्या बाजारांतील हालचाल तारेनें वऱ्हाडांतील व्यापाऱ्यांच्या कानीं येऊं लागली. टेलिफोन त्याच्या मागून आला. ग्रॅहॅम बेल यांना १८७६ सालीं त्याचें पेटंट मिळालें, आणि २८ जानेवारी १८८२ रोजीं कलकत्ता, मद्रास व मुंबई या तीन शहरांत हिंदुस्थानांतील पहिलीं एक्स्चेंजें उघडलीं. त्या काळीं प्रत्येक जोडणी माणसाच्या हातानें होई. पुढें कित्येक वर्षें अमरावतीहून मुंबईस बोलावयाचें म्हणजे ट्रंक कॉल नोंदवून घंटेची वाट पाहत बसणें. घाई असेल तर 'अर्जंट', त्याहून घाई असेल तर 'लाइटनिंग', आणि दरहि त्याच क्रमानें चढते. १९६० सालीं कानपूर व लखनौ यांच्या दरम्यान ग्राहकानें स्वतःच परगांवचा नंबर फिरविण्याची सोय प्रथम झाली. तीच एस.टी.डी. आपल्याकडे पोंचल्यावर अमरावतीचा ०७२१ आणि अकोल्याचा ०७२४ हे आंकडे व्यापारी मंडळींना तोंडपाठ झाले.

मधल्या माणसाच्या हातांत केवढी सत्ता असते, हें सांगणारी एक हकीकत या शास्त्रांत प्रसिद्ध आहे. अमेरिकेंत कॅन्सस सिटी येथें आल्मन स्ट्रोजर नांवाचा गृहस्थ प्रेतसंस्काराच्या व्यवस्थेचा धंदा करीत असे. एक्स्चेंजवर बसणारी बाई आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या घरची असून आपलीं गिऱ्हाइकें ती तिकडे जोडून देते, असा त्याला संशय आला म्हणतात. संशय खरा होता कीं खोटा, तें बाजूस राहो. त्यानें मधल्या माणसावांचून चालणाऱ्या एक्स्चेंजची युक्ति काढली, १८९१ सालीं तिचें पेटंट मिळविलें, आणि १८९२ सालीं इंडियाना संस्थानांतील ला पोर्त गांवीं तें एक्स्चेंज चालूहि झालें. आज पेढीवर जी पेटी भिंतीस टांगलेली असते, तिचा मूळपुरुष हा.

या पेटीला आपल्याकडे ईपीएबीएक्स म्हणतात. ती म्हणजे पेढीचें स्वतःचें लहानसें एक्स्चेंज होय. बाहेरच्या लाइनी थोड्या आणि आंतले फोन पुष्कळ, असा तिचा हिशेब असतो. मोठ्या वाड्याला दिंडी-दरवाजा एक आणि खोल्या पंधरा असाव्यात, तसेंच हें. प्रत्येक आंतल्या फोनला दोन किंवा तीन अंकी क्रमांक असतो, त्याला एक्स्टेन्शन म्हणतात. आंतल्या आंत बोलण्यास दमडी पडत नाहीं. बाहेर बोलावयाचें तर आधीं बहुधा ० किंवा ९ दाबून लाइन घ्यावी लागते. १९८४ सालीं स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी संस्थेनें १२८ जोडण्यांचें लहान एक्स्चेंज बनविलें, तें वातानुकूलित खोलीवांचून चालत असे. ज्या मुलखांत उन्हाळ्याचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथें ही सोय केवढी, हें अकोलेकरांस सांगावयास नको.

बाहेरच्या लाइनी किती घ्याव्यात, हा पहिला प्रश्न. आणि येथेंच अंदाज हमखास चुकतो. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींत काम करणारा डॅनिश गणिती आग्नर एर्लांग यानें १९०९ सालीं या विषयावरचा पहिला निबंध लिहिला, आणि १९१७ सालीं त्याचें प्रसिद्ध सूत्र आलें. तें एका उदाहरणानें पाहूं. समजा, एखाद्या डाळ-मिलच्या कचेरींत गर्दीच्या तासांत ३० फोन होतात व प्रत्येक सरासरी ३ मिनिटें चालतो. एकूण ९० मिनिटें. म्हणजे सरासरीनें दीड लाइन गुंतलेली. व्यवहारी मनुष्य म्हणेल, दोन लाइनी पुरे. पण फोन शाळेंतल्या मुलांसारखे रांगेनें येत नाहींत. कधीं चार एकदम येतात, कधीं दहा मिनिटें एकहि नाहीं. सूत्राप्रमाणें दोन लाइनी असतां शंभरांतील सुमारें ३१ प्रयत्न 'एंगेज' लागून फुकट जातील. तीन असतां सुमारें १३. चार असतां सुमारें ५. आणि पांच असतां एक किंवा दोन. दोनाच्या चार केल्या म्हणजे खर्च दुप्पट होतो खरा, पण परत जाणारा माणूस सहा पटींहून कमी होतो. आज लाइन तांब्याच्या तारेवर असो वा फायबरमधून येवो, हें गणित तेंच राहतें.

आतां सोयींकडे वळूं. विक्रेते शंभर सोयींची यादी पुढें टाकतात. घेणाऱ्यानें पांच-सहांची ओळख करून घेतली तरी पुरे.

पहिली 'हंटिंग'. जाहिरातींत छापलेला नंबर एकच. पण तो गुंतला असेल तर फोन आपोआप दुसऱ्या, तिसऱ्या लाइनीवर जातो. दुसरी 'पिकअप'. शेजारच्या टेबलावरची घंटा वाजत असेल, तर आपल्या जागेवरूनच दोन-तीन आंकडे दाबून तो फोन घेतां येतो. बहुतेक कचेऱ्यांत ही सोय असते आणि कोणासहि ठाऊक नसते! तिसरी 'ट्रान्सफर'. हिच्या दोन रीति आहेत. एकींत फोन पुढें ढकलून आपण मोकळे होतों. दुसरींत ज्याच्याकडे पाठवावयाचा त्याच्याशीं आधीं बोलून, 'अमुक गांवचे पाटील अमुक कामासाठीं बोलत आहेत' असें सांगून मग जोडून देतों. दुसऱ्या रीतीला दहा सेकंद जास्त लागतात, पण बोलणाऱ्याला आपली कर्मकथा पुन्हां पहिल्यापासून सांगावी लागत नाहीं. चौथी 'फॉरवर्ड'. मालक शेतावर किंवा कोर्टांत असले तर त्यांच्या टेबलावरचा फोन मोबाईलवर जातो, आणि मोबाईलचा नंबर चारचौघांस द्यावा लागत नाहीं. पांचवी 'कॉन्फरन्स'. अमरावतीची पेढी, अकोल्याची शाखा आणि मुंबईचा दलाल असे तिघे एकदम बोलूं शकतात. दोन भावांनीं दोन भाव सांगण्याचा प्रसंग त्यामुळें टळतो. होल्डवर लागणारें संगीत मात्र योगायोगाचें अपत्य आहे. अमेरिकेंतल्या आल्फ्रेड लेव्ही याच्या कारखान्यांत एक सुटी तार लोखंडी तुळईला टेकल्यामुळें फोनमध्यें रेडिओचें गाणें ऐकूं येऊं लागलें. त्यावरून सुचलेल्या योजनेचें पेटंट त्याला १९६६ सालीं मिळालें. थांबणाऱ्याला संबंध तुटला नाहीं एवढें कळावें, इतकाच त्याचा खरा उपयोग.

ध्वनिमुद्रित आवाजानें स्वागत करून 'अमक्यासाठीं १ दाबा, तमक्यासाठीं २ दाबा' सांगणारी सोय हल्लीं फार बोकाळली आहे. तिच्याविषयीं थोडें सविस्तर लिहिणें अवश्य आहे. जेथें फोन करणारे बहुतेक ठरावीक चौकशी करतात, तेथें ती चांगली. पण बाजारसमितींतल्या अडत्याला 'भाऊ, कापसाचा भाव काय हाय आज?' एवढेंच विचारणाऱ्या वृद्ध शेतकऱ्यापुढें इंग्रजी आवाजाची नऊ पर्यायांची यादी वाचणें हा उद्धटपणा आहे. दवाखान्यांत तर त्याहून वाईट. रात्रीं दोन वाजतां तिवस्याकडून किंवा मूर्तिजापुराकडून एखादा बाप फोन करतो. मुलाला साप चावलेला असतो. आणि त्याला प्रथम संस्थेच्या स्थापनेची माहिती ऐकावी लागते. या प्रसंगासाठींच 'नाइट सर्व्हिस' नांवाची सोय आहे. ठरलेल्या वेळेनंतर सर्व फोन, मध्यें कांहींहि न ऐकवितां, सरळ जागत्या माणसाच्या टेबलावर जातात, आणि त्यानें ठराविक घंटांत न उचलला तर दुसऱ्याकडे. पेटींत ही सोय बहुधा असतेच. ती लावून घेण्याची आठवण कोणाला तरी असावी लागते. आमचा नियम विचाराल तर असा: पहिला आवाज मराठींत असावा, पर्याय तीनांहून अधिक नसावे, आणि कांहींच न दाबणाऱ्याला शेवटीं जिवंत माणूस मिळावा.

विजेचाहि विचार हवा. जुन्या तांब्याच्या लाइनीवरील साध्या फोनला एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटरीकडून तारेंतूनच वीज मिळे. गांवांत अंधार पडला तरी तो चाले. फायबरवरचा फोन, त्याचा राउटर आणि ईपीएबीएक्सची पेटी यांना आपल्या घरची वीज लागते. भारनियमनाच्या किंवा वादळाच्या वेळीं, म्हणजे नेमकी गरज असतां, सारें मुकें होतें. म्हणून पेटीबरोबर बॅटरी घ्यावी, आणि तिच्यावर फोनच नव्हे तर राउटरहि चालतो कीं नाहीं तें पाहावें. पत्र्याच्या छपराखालीं पेटी बसवूं नये. मृगाच्या विजा तारेंतून आंत शिरतात. करितां चांगलें अर्थिंग आणि लाइनीवर संरक्षक उपकरण या खर्चांत काटकसर नको.

दोन गोष्टी सावधपणाच्या. बाहेरून फोन करून पेटीमार्फत पुन्हां बाहेर बोलण्याची एक सोय असते. पेटीचा मूळ पासवर्ड न बदलतां ती चालू ठेवली, तर चोर रात्रीं आणि सुटीच्या दिवशीं तुमच्या नांवावर परदेशीं बोलतात, आणि बिल तुमच्याकडे येतें. पासवर्ड पहिल्याच दिवशीं बदलावा, ही सोय नको असेल तर बंद करावी, आणि परदेशचे नंबर ज्याला काम आहे त्याच्याच एक्स्टेन्शनला मोकळे ठेवावे. दुसरी गोष्ट ध्वनिमुद्रणाची. सौद्याचें बोलणें मुद्रित असलें तर तंटा मिटतो, हें खरें. पण टेलिफोनवरचें संभाषण हा खासगी जीवनाचा भाग आहे, असें सर्वोच्च न्यायालयानें सरकारी टॅपिंगविषयींच्या १९९६ सालच्या निकालांत म्हटलें आहे. मुद्रण होत असल्याचें समोरच्याला आधीं सांगावें. आपल्या नोकरांचें बोलणें त्यांच्या नकळत ऐकणारा मालक त्यांचा विश्वास गमावतो, आणि तो परत मिळविण्याची सोय कोणत्याहि पेटींत नाहीं.

शेवटीं यंत्रामागच्या माणसाविषयीं. फोनवर बसणाऱ्या मुलीला किंवा मुलाला पुष्कळ ठिकाणीं सर्वांत कमी पगार आणि सर्वांत कमी माहिती दिली जाते. आणि जगापुढें संस्थेच्या वतीनें बोलतें तें मात्र तेंच माणूस! कोण रजेवर आहे, कोणती तक्रार कोणाकडे न्यावयाची, कोणत्या प्रसंगीं मालकांना झोपेंतून उठवावयाचें, हें त्यांना लिहून द्यावें व दर महिन्यास त्यांत दुरुस्ती करावी. 'साहेब नाहींत' एवढ्यावर बोलणें संपवूं नये. नांव, नंबर व काम लिहून घ्यावें, आणि तो कागद संध्याकाळपर्यंत कोणी तरी पाहावा.

नवी पेटी घेण्यापूर्वीं वाचकांनीं एक परीक्षा अवश्य करावी. परक्या फोनवरून आपल्याच पेढीला तीनदां फोन करावा: सकाळीं अकराला, दुपारीं जेवणाच्या वेळीं आणि रात्रीं नऊला. किती घंटा झाल्या, कोण बोललें, काय बोललें, आणि आपलें काम कितव्या माणसापाशीं झालें, हें कागदावर टिपावें. तो कागद विक्रेत्यापुढें ठेवावा आणि यांतल्या कोणत्या उणिवा पेटीनें भरतील तें त्यालाच विचारावें. ज्या उरतील त्या घरांतल्या कर्त्या मंडळींनीं एकत्र बसून भरून काढावयाच्या आहेत.