माओला गुण किती द्यायचे?

महापुरुषाचे मूल्यमापन करताना आपण बहुधा दोनच गोष्टी करतो : त्याला देव्हाऱ्यात बसवतो, नाहीतर चव्हाट्यावर आणतो. चीनचा क्रांतिकारक नेता माओ त्से-तुंग (१८९३–१९७६) याच्या वाट्याला ही दोन्ही भाग्ये आली. परंतु खुद्द त्याच्या पक्षाने तिसराच मार्ग काढला. माओच्या मृत्यूनंतर पाच वर्षांनी, जून १९८१ मध्ये, चिनी कम्युनिस्ट पक्षाने ठराव करून निकाल दिला की, माओचे कार्य प्रधान व चुका गौण. लोकांच्या बोलण्यात हा हिशेब 'सत्तर टक्के बरोबर, तीस टक्के चूक' असा रूढ झाला. आपल्या परीक्षापद्धतीत सत्तर टक्के म्हणजे विशेष प्रावीण्य! हा निकाल आपण मान्य करावा काय?

मोडनिंबच्या विद्यार्थ्याने ही उठाठेव कशाला करावी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली काँग्रेसने पाठविलेल्या वैद्यकीय पथकातून चीनला गेले. पथकात पाच डॉक्टर होते. चौघे परतले, कोटणीस परतले नाहीत. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या सैनिकांची शुश्रूषा करीत असताना ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे तेथेच निधन झाले. माओने स्वहस्ते शोकसंदेश लिहिला. म्हणजे या माणसाशी सोलापूरचे नाते रक्ताचे नसले तरी सेवेचे आहे. मात्र कोटणिसांवरील प्रेमापोटी माओच्या अपराधांकडे डोळेझाक करणे जितके गैर, तितकेच १९६२ च्या युद्धाच्या रागापोटी त्याचे सारेच काळे ठरविणे गैर.

प्रथम जमेची बाजू पाहू. १९२७ साली तरुण माओ आपल्या हुनान प्रांतात बत्तीस दिवस पाच तालुक्यांतून हिंडला. शेतकरी काय खातो, खंड किती भरतो, सावकार कसा नागवतो, हे त्याने विचारून घेतले. ज्याने चौकशी केली नाही त्याला बोलण्याचाही अधिकार नाही, असे तो पुढे आपल्या कार्यकर्त्यांना बजावू लागला. शहरी पुस्तकी पंडितांना जे दिसले नाही ते त्याला दिसले, याचे कारण ही पायपीट. त्याच बळावर १ ऑक्टोबर १९४९ रोजी परकीयांनी व सरदारांनी ओरबाडलेला तो देश एका झेंड्याखाली उभा राहिला. १९५० च्या विवाह कायद्याने चिनी स्त्रीला स्वेच्छेने विवाह करण्याचा व घटस्फोटाचा हक्क दिला. खेडोपाडी साक्षरता व आरोग्यसेवा पोहोचली. माओच्या अखेरच्या वर्षांत चिनी माणसाचे सरासरी आयुर्मान साठीच्या पुढे गेले होते, तेव्हा आपले पन्नाशीच्या आसपास रेंगाळत होते. हे नाकारणे म्हणजे अप्रामाणिकपणा होय.

आता दुसरी बाजू. १९५८ साली माओने 'मोठी झेप' पुकारली. शेतकऱ्यांना कम्यूनमध्ये कोंबले, चुली बंद करून सामुदायिक भोजनालये काढली, घरातली भांडीकुंडी परसातल्या भट्ट्यांत वितळविली. वरिष्ठांना खूश करण्यासाठी अधिकारी पिकाचे आकडे फुगवू लागले आणि त्या खोट्या आकड्यांवर सरकार खरे धान्य उचलू लागले. सेनानी पेंग तेह-हुआई खेड्यांत जाऊन आला. त्याने १९५९ च्या जुलैत माओला पत्र लिहून परिस्थिती कळविली. बत्तीस वर्षांपूर्वी माओने जे केले तेच पेंगने केले होते. त्याला बक्षीस मिळाले बडतर्फीचे. पुढे कैदेतच १९७४ साली त्याचा अंत झाला. चूक सांगणारा गेल्यावर चूक चालूच राहिली. १९५९ ते १९६१ च्या दुष्काळात किती माणसे मेली याचे अभ्यासकांचे अंदाज दीड कोटीपासून साडेचार कोटींपर्यंत जातात.

दुष्काळ म्हणजे काय, हे सोलापूर जिल्ह्याला समजावून सांगावे लागत नाही. बहात्तरचा दुष्काळ घराघरांत अजून सांगितला जातो. लोकांनी खडी फोडली, पाझर तलाव खोदले, मिलो आणि सुकडी खाल्ली, दावणीची जनावरे विकली. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यात पन्नास लाखांच्या घरात माणसे दुष्काळी कामांवर होती. हाल अतोनात झाले; पण माणसे लाखांनी मेली नाहीत. आपले राज्यकर्ते काही संत नव्हते. फरक इतकाच की, वर्तमानपत्रे छापत होती, विरोधी आमदार विधानसभेत ओरडत होते, मोर्चे कचेऱ्यांवर जात होते. 'धान्य नाही' असे म्हणणाऱ्याला देशद्रोही ठरविता येत नव्हते. अर्थात आपण फार फुशारून जाण्याचे कारण नाही. एकाएकी आलेली भूक आपल्याकडे बोंब मारल्यावर दिसते. वर्षानुवर्षे पोसलेले कुपोषण मात्र कोणाला दिसत नाही. अमर्त्य सेन यांनी चीन व भारत यांची तुलना करताना हेच दाखवून दिले आहे.

महाविद्यालयात शिकणाऱ्यांनी आणि शिकविणाऱ्यांनी आणखी एक पान वाचलेच पाहिजे. १९६६ साली माओने सांस्कृतिक क्रांती पुकारली आणि विद्यार्थ्यांना गुरुजनांवर सोडले. बीजिंगमधील एका मुलींच्या शाळेच्या उपमुख्याध्यापिकेला ५ ऑगस्ट रोजी विद्यार्थिनींनीच मरेपर्यंत मारले. त्यानंतर तेराच दिवसांनी माओने तिएनआनमेन चौकात लाल रक्षकांची सलामी घेतली व त्यांची पट्टी स्वतःच्या दंडावर बांधून घेतली. विद्यापीठांच्या प्रवेशपरीक्षा पुन्हा सुरू व्हायला १९७७ साल उजाडावे लागले. एक पिढी घोषणा पाठ करीत वाया गेली.

तेव्हा गुण किती? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. उत्तरपत्रिकेत एका प्रश्नाचे गुण दुसऱ्यात मिळविता येतात. माणसांच्या बाबतीत तसे करता येत नाही. वाचलेल्या बालकांच्या संख्येतून उपासमारीने मेलेली बालके वजा करणारे गणित कोणी करू नये. दोन्ही रकाने पूर्ण लिहावेत व बेरीज-वजाबाकी न करता ठेवावेत.

पण कसोटी म्हणाल, तर माओने स्वतःच घालून दिलेली कसोटी त्याला लावावी. चौकशी करणाऱ्यालाच बोलण्याचा अधिकार, असे म्हणणाऱ्या नेत्याने चौकशी करून बोलणाऱ्याचेच तोंड बंद केले. या कसोटीला १९२७ चा माओ उतरतो. १९५९ चा उतरत नाही. तिएनआनमेनवर त्याची तसबीर आजही आहे. तिच्यापुढे उभे राहून त्या साऱ्या मृतांची मोजदाद मोकळेपणाने करण्याची मुभा तेथे अजून नाही, म्हणून तो निकालही अजून अपुरा आहे.

आपल्याकडेही तसबिरी कमी नाहीत. कोणत्याही पुढाऱ्याचा जयजयकार करण्यापूर्वी, 'साहेब, शेतात पीक नाही' असे त्याला तोंडावर सांगणारा माणूस त्याच्याजवळ टिकतो का, एवढे विद्यार्थ्यांनी जरूर विचारावे.