अम्मीचा चेहरा कुठाय?

पेठ वडगावचं आमचं जुनं कौलारू घर येत्या उन्हाळ्यात पाडायचं ठरलंय. त्याआधी मधल्या खोलीचं जलरंगात एक चित्र काढलं. काचेच्या कौलातून उतरलेला जोहरच्या वेळचा कवडसा, कोपऱ्यात शिलाई मशीन, जायनमाजवर पाठमोरी बसलेली मरहूम अम्मी.

मुलीने विचारलं, "अब्बा, दादीचा चेहरा कुठाय?" चाचा मात्र खूश झाले. "बरं केलंस. जानदाराची तस्वीर नकोच."

दोघांनाही वाटलं, मी काहीतरी टाळलं. खरं तर मी दिसलं तेच काढलं. अंधाऱ्या खोलीत चेहरे रेखीव दिसत नाहीत. दिसतो तो माणसाचा गडद आकार आणि खांद्यावरची उजेडाची कड. शाळेत चित्रकलेच्या परीक्षेला आपण आधी रेघ मारतो, मग आत रंग भरतो. हात बसायला ते ठीक. पण खोलीतलं वातावरण पकडायचं तर डोळे किलकिले करून फक्त उजेड आणि अंधार पाहावा लागतो. रुंद ब्रश, ओल्यात ओला रंग, कवडशाच्या जागी कोरा कागद. मशीन चार फटकाऱ्यांत उरकायचं आणि वेळेवर थांबायचं.

चित्रांबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, ते मी नाकारत नाही. पण त्या आडोशाने आपण ब्रशच खाली ठेवला, याचं मला वाईट वाटतं. कोल्हापूरचे आबालाल रहिमान आपल्यातलेच. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार केलं. 1931 साली ते गेले. रंकाळा आणि कोटितीर्थाचं पाणी, त्यावरचा उजेड त्यांनी रंगवला. आपल्या मोहल्ल्यातल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे?

आबालालांनी बाहेरचा उजेड रंगवला. घरातला उजेड आपण रंगवायला हवा. सिनेमात, पोस्टरवर मुसलमान दाखवायचा म्हणजे टोपी, मिनार आणि हिरवा रंग. आमची शिलाई मशीन, पत्र्याची ट्रंक, दुपारची शांतता तिथे नसते. ती आत आलेल्यालाच दिसते, म्हणून ती दाखवण्याची जबाबदारीही आपलीच. दुसऱ्याने आपलं चित्र चुकीचं काढलं, अशी तक्रार आपण नेहमी करतो. मग स्वतः किती काढली?

स्लॅब पडला की कवडसा जाईल. तुमचंही घर पाडणार असतील, तर त्याआधी एक दुपार आत बसा. चित्र बिघडलं तरी चालेल.

मुलगी आता चूल काढतेय. धूर जमत नाही म्हणून चिडलीय.