जमा आमची, दंडही आम्हालाच!

कर्ज घेणाऱ्याने व्याज द्यावे, हप्ता चुकला तर दंड भरावा, हे आपण जन्मभर ऐकत आलो. सोसायटीचे कर्ज काढलेल्या कोणत्याही गँगमनला किंवा पोस्टमनला ते नव्याने सांगायला नको. पण ज्याचे बँकेकडे येणे आहे त्यानेच बँकेला दंड द्यायचा, हा कुठला हिशेब? आमच्या मते हा हिशेब नव्हे, ही खिसेकापूगिरी आहे.

क्रेडिट कार्डाचेच घ्या. कार्डावर तिकीट काढले, बिल भरले आणि नंतर रजा नामंजूर झाली म्हणून तिकीट रद्द केले. परतावा १,८०० रुपये कार्डावर जमा झाला. आता देणेकरी बँक आहे, आपण सावकार. या रकमेवर व्याज किती? शून्य. हेच १,८०० रुपये आपण थकवले असते तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागले असते. त्याला वरची मर्यादाही राहिलेली नाही. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ३० टक्क्यांवरील व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली होती. सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला.

पुढे ऐका. कार्ड खणात पडून आहे, पण वार्षिक फी चालूच. फी ५०० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ५९० रुपये. तीन वर्षांत १,७७० रुपये फस्त, हाती उरले ३० रुपये! थकबाकी एका पैशाची नाही, म्हणून तगाद्याचा फोनही येत नाही. बँक गुपचूप आपल्याच जमेतून खात राहते.

रिझर्व्ह बँकेला हे कळत नाही असे नाही. एप्रिल २०२२ च्या तिच्या निर्देशांत स्पष्ट म्हटले की वर्षाहून अधिक काळ न वापरलेले कार्ड ग्राहकाला कळवून बंद करावे आणि जमा शिल्लक त्याच्या बँक खात्यात टाकावी. बिल भरून झाल्यावर आलेला परतावा पत मर्यादेच्या १ टक्का किंवा ५,००० रुपये, यांपैकी कमी असलेल्या रकमेपेक्षा जास्त असेल, तर तो कार्डावर ठेवण्यासाठी ग्राहकाची संमती हवी. ती न मिळाल्यास पैसे खात्यात जमा. थकबाकी नसलेले कार्ड बंद करण्याचा अर्ज दिल्यावर सात कामाच्या दिवसांत ते बंद झाले नाही तर बँकेलाच दिवसाला ५०० रुपये दंड. नियम चांगला आहे. पण तो मराठीत, ठळक अक्षरांत लिहून भिंतीवर लावलेली शाखा आम्हाला दाखवा!

बचत खात्यात हाच खेळ मोठ्या प्रमाणावर चालला. किमान शिल्लक नाही म्हणून सार्वजनिक बँकांनी २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सुमारे ८,५०० कोटी रुपये वसूल केले, हे सरकारनेच संसदेत सांगितले. स्टेट बँकेने एप्रिल ते नोव्हेंबर २०१७ या आठ महिन्यांत १,७७१ कोटी गोळा केले. त्याच वर्षीच्या जुलै-सप्टेंबर तिमाहीतील तिच्या नफ्याहूनही ही रक्कम जास्त होती. दंड कोणी भरला? ज्याच्या खात्यात लाख पडून आहेत त्याने नव्हे. महिनाअखेरीस ज्याचे पासबुक रिकामे होते त्याने.

बँका म्हणतात, खाते चालवायला खर्च येतो. येतो ना! पण आमच्या ठेवीवर २०२५ साली मोठ्या बँकांनी व्याज अडीच टक्क्यांवर आणले आणि तोच पैसा त्या कितीतरी चढ्या दराने कर्जाऊ देतात. खर्च तिथे निघत नाही काय? आणि मोठ्या ठेवीदाराला सगळे फुकट, लहानाला दंड, म्हणजे गरिबाच्या पैशावर श्रीमंताची सेवा. १९६९ साली १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले ते यासाठी नव्हे.

कामगार ओरडले, संसदेत प्रश्न आले, तेव्हा माघार झाली. स्टेट बँकेने मार्च २०२० मध्ये हा दंड बंद केला. कॅनरा, पंजाब नॅशनल, इंडियन आणि बँक ऑफ बडोदा २०२५ मध्ये मागोमाग आल्या. त्याच वर्षी ऑगस्टात एका मोठ्या खासगी बँकेने शहरी नव्या ग्राहकांसाठी किमान शिल्लक ५०,००० केली आणि ओरड होताच काही दिवसांत १५,००० वर आणली. पंधरा हजार! किती खलाशांच्या खात्यात एवढी रक्कम महिनाभर टिकते?

आमच्या टपाल साथींनी रागावू नये, पण आपल्या खिडकीतही ५०० रुपयांची अट आहे आणि ती न पाळल्यास वर्षअखेर ५० रुपये कापले जातात. तेही जायला हवेत. आणि बँकेच्या काउंटरवरच्या कर्मचाऱ्याशी भांडू नका. नियम त्याने केला नाही, कार्ड विकण्याचे टार्गेट मात्र त्याच्याच माथी आहे.

आमची मागणी सरळ आहे. जमा शिल्लक असलेल्या कार्डातून ग्राहकाच्या लेखी संमतीविना कोणतीही फी कापू नये, आणि किमान शिल्लकेचा दंड सर्वच बँकांत कायद्याने बंद व्हावा. बदली झालेल्या साथींनी जुन्या गावचे पगार खाते आधी तपासावे. पगार येणे थांबले की ते साध्या खात्यात बदलते आणि दंड सुरू होऊ शकतो. कार्डावर जमा असेल तर ती परत मागणारा अर्ज लेखी द्या, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर न आल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. तिला फी लागत नाही. अर्जाची एक प्रत युनियनच्या शाखेत आणून द्या, आम्हाला त्या एकत्र करून वर पाठवायच्या आहेत.