बदकाची बंदूक, आईचा बॉल आणि "फसलेलं खेळणं"

पोस्ट मोठी आहे. रविवार आहे, चहा घ्या आणि वाचा.

परवा आडवा फाट्यावर चहाला बसलो होतो. एका मित्राला पोरासाठी टीव्हीला जोडायचं गेमचं मशीन घ्यायचंय. त्याचा प्रश्न साधा होता, "तो हातात धरून हलवायचा रिमोट असतो ना, तसलं घेऊ का? निदान पोरगं उभं तरी राहील." दुसऱ्याच्या घरी पीएस५ आहे, म्हणजे या विषयातला आमचा तज्ज्ञ तोच. तो लगेच म्हणाला, "अरे ते मोशन-फिशन सगळं फसलं. कंपन्यांनी बंद केलं. खेळणं होतं ते, खरा गेमिंगवाला हात नाही लावत." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही शिफ्टला जायचं होतं, म्हणून गप्प बसलो.

पण ते डोक्यातून जाईना. म्हणून आज लिहितो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी दोन ओळी. मोशन कंट्रोलर म्हणजे बटणं दाबण्याऐवजी हात, अंग हलवून खेळायचं यंत्र. तुम्ही बॅट फिरवल्यासारखा हात फिरवला की टीव्हीतला खेळाडू बॅट फिरवतो. एवढंच.

आता "फसलं" म्हणणाऱ्यांनी हे आकडे बघावेत. निन्टेन्डो या जपानी कंपनीने २००६ च्या नोव्हेंबरमध्ये 'वी' नावाचं मशीन आणलं. ताकदीच्या बाबतीत ते सोनीच्या पीएस३ आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० पुढे किरकोळ होतं. चित्र साधं, आवाज साधा. पण हातात पांढरा दांडा, तो हलवा आणि खेळा. विकली गेली किती? १० कोटींवर. त्या पिढीत पीएस३ आणि एक्सबॉक्स दोन्ही त्याच्या मागे राहिले. लोकांनी इतक्या जोरात हात फिरवले की दांडे हातातून सुटून टीव्हीवर आदळायला लागले, आणि कंपनीला मनगटाचे ३२ लाख पट्टे बदलून द्यावे लागले. फसलेल्या वस्तूला असलं दुखणं होत नाही राव.

मग फसलं ते काय? तेही सांगतो, कारण आमचा पीएस५ वाला मित्र पूर्ण चुकीचा नाही.

मायक्रोसॉफ्टने २०१० मध्ये 'किनेक्ट' काढला. हातात काहीच धरायचं नाही, समोरचा कॅमेराच तुमचं अख्खं अंग बघणार. पहिल्या ६० दिवसांत ८० लाख खपले, गिनीज बुकात नोंद झाली. २०१३ पर्यंत २ कोटी ४० लाखांवर गेला. मग त्याच वर्षी एक्सबॉक्स वन आला. कंपनीने किनेक्ट त्याच्यासोबत सक्तीने बांधला आणि किंमत ठेवली ४९९ डॉलर. शेजारी सोनीचं पीएस४ ३९९ ला. गिऱ्हाइकाने हिशोब केला आणि शेजारच्या दुकानात गेला. सहा-सात महिन्यांतच किनेक्टशिवायचा डबा काढावा लागला. २०१७ मध्ये किनेक्ट बनवणंच थांबलं.

सोनीचंही तेच. 'मूव्ह' नावाचा दांडा काढला, टोकाला चमकणारा गोळा. पण मशीन वेगळं घ्या, कॅमेरा वेगळा घ्या, दांडा वेगळा घ्या. आणि यात आपली मराठी मुलखातली गोष्ट आहे बरं का! मुंबईच्या ट्राइन गेम्सने त्या दांड्यासाठी 'मूव्ह स्ट्रीट क्रिकेट' केला होता, म्हणजे दांडा बॅटसारखा फिरवायचा आणि गल्ली क्रिकेट खेळायचं. कल्पना शंभर टक्के आपली. पण विचार करा, जे पोरगं बाहेर पाच रुपयांच्या बॉलवर आणि पॅकिंगच्या फळीवर क्रिकेट खेळतं, त्याच्या बापाने तेच घरात खेळायला तीन-तीन वस्तू का घ्याव्यात?

म्हणजे बघा, मशीन तेच, हात हलवणं तेच. एकाने १० कोटी विकले, बाकीचे बसले. फरक कुठे पडला? माझ्या मते तीन ठिकाणी.

एक. दांडा डब्यात आला का? वीच्या डब्यात दांडाही होता आणि जपान-कोरिया सोडून जवळपास सगळीकडे 'वी स्पोर्ट्स' हा गेमही. वेगळा खर्च शून्य. हे आपल्याला नवीन नाही. नव्वदीतला आपला टीव्ही गेम आठवा. आडव्या कॅसेटचा, दोन रिमोट आणि एक बंदूक. बदक मारायची ती बंदूक! ती काही हालचाल ओळखत नव्हती, टीव्हीवरचा उजेड बघायची. पण बटणं सोडून नेम धरायचा, हे आपण सगळ्यात आधी तिच्यावर शिकलो. ती घराघरात का होती? आपण वेगळी विकत घेतली म्हणून? अजिबात नाही. डब्यात आली म्हणून. आणि ती का गेली? कंटाळा आला म्हणून नव्हे, जुने पेटीसारखे टीव्ही जाऊन चपटे आले आणि त्यांच्यावर ती बंदूक चालेना म्हणून.

दोन. गेम कुणासाठी केलाय? वी स्पोर्ट्समध्ये टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ, बॉक्सिंग. वाचायला काही नाही, लक्षात ठेवायला काही नाही. याउलट नंतर कित्येक कंपन्यांनी बटणांसाठीच केलेल्या गेमला उगाच हात हलवायला लावला. जिथे एक बटण पुरे तिथे दहा वेळा दांडा झटकायचा. हात दुखला, माणसाने बंद केलं. यात दोष दांड्याचा कसा?

तीन. जागा. इथे आपण येतो.

किनेक्टला एकट्याने खेळायला समोर साधारण ६ फूट रिकामी जागा लागायची, दोघांना ८ फूट. आता आपल्या गावातली दहा बाय दहाची खोली डोळ्यासमोर आणा. पलंग, कपाट, शिलाई मशीन, दाराशी चपला, कोपऱ्यात विड्यांचं सूप. माळेगाव-मुसळगावच्या एमआयडीसीत कामाला आलेली पोरं तर एका खोलीत चौघं राहतात. ६ फूट रिकामे कुठून आणायचे? त्यामुळे मित्राला माझं उत्तर सरळ आहे: घरासाठी घेणार असशील तर आधी टेप घेऊन खोली मोज. सहा फूट निघाले नाहीत तर घेऊ नकोस. घरच्या खोलीत ते बहुतेक पडूनच राहणार.

पण म्हणून ती वस्तूच टाकाऊ? इथे माझं आणि तज्ज्ञांचं भांडण आहे. कारण मी ती चालताना बघितलीय.

माझ्या आईने पस्तीस वर्षं विड्या वळल्या. सिन्नरच्या लोकांना यापेक्षा जास्त सांगायला नको. पानं भिजवायची, कापायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायच्या, पंचवीसची जुडी बांधायची. हजाराचा हिशोब, वर छाट निघाली की तिचा तोटा वेगळा. या पस्तीस वर्षांत तिची बोटं आणि मान हलली, बाकी अंग जागेवर. लग्न झाल्यापासून ती काही *खेळली* असेल, तर मंगळागौरीला, तीही पहिली काही वर्षं.

२००९ च्या दिवाळीत आम्ही पुण्याला मावशीकडे गेलो. मावसभाऊ अमेरिकेतलं काम संपवून वी घेऊन आला होता. पोरं बोलिंग खेळत होती. त्याने सहज आईच्या हातात दांडा दिला, "मावशी, टाका तुम्ही." ती म्हणाली, "मला टीव्ही लावता येत नाही बाबा." तरी उभी राहिली. पदर खोचला. हात मागे नेला आणि सोडला. दहाच्या दहा बाटल्या पडल्या असं सांगितलं तर ते खोटं होईल. सहा पडल्या. पण ती वळून म्हणाली, "हे तर पोहरा सोडल्यासारखं हाय की!"

त्या रात्री ती आणि मावशी साडेअकरापर्यंत खेळत होत्या. मी माझ्या आईला कुणाला तरी हरवताना पहिल्यांदा बघितलं. मावशीला चिडवत होती. साठीच्या दोन बाया, पोरींसारख्या.

तज्ज्ञ मंडळी "खरा गेमिंगवाला" म्हणतात तेव्हा मला हे आठवतं. बारा बटणांचा रिमोट हा तरुण पोरांनी तरुण पोरांसाठी लावलेला दरवाजा आहे. मोशन कंट्रोलरने तो दरवाजा काढला. त्याचं यश तिथे मोजायचं की पोरगं किती तास बंदुका चालवतं तिथे?

आता दुसऱ्या बाजूलाही बोलतो, कारण तिकडेही थापा कमी नाहीत. "याने व्यायाम होतो, आजार बरे होतात" असं सांगून कुणी विकायला आलं तर ऐकू नका. परदेशात अर्धांगवायूच्या रुग्णांवर वीचा प्रयोग झाला. १४१ रुग्ण होते, अर्ध्यांना वी दिला आणि बाकीच्यांना पत्ते, डॉमिनोसारखे साधे खेळ. निकाल २०१६ मध्ये आला: दोघांचा फायदा सारखाच. म्हणजे जादू दांड्यात नव्हती. माणसं *खेळत* होती, हात हलत होते, कुणीतरी सोबत होतं. मला तर हा निकाल माझ्याच बाजूचा वाटतो. औषध म्हणून नको, खेळ म्हणून द्या.

आणि "मोशन संपलं" म्हणणाऱ्यांसाठी शेवटचं. त्याच निन्टेन्डोच्या 'स्विच'च्या रिमोटमध्ये हालचाल ओळखणारी यंत्रणा आहेच. २०१९ चा 'रिंग फिट' हा घाम काढणारा गेम दीड कोटींवर खपला. डोक्याला चष्मा लावून खेळायचे बहुतेक व्हीआर गेम हात हलवूनच चालतात. हैदराबादच्या एका कंपनीने तर हातात बॅट देऊन व्हीआर क्रिकेट केलंय. आमच्या मित्राच्या पीएस५ च्या रिमोटमध्येसुद्धा ती यंत्रणा आहे, फक्त त्याला माहीत नाही. (रागावू नको भावा, चहा माझ्याकडून.)

तर आता गावाचा मुद्दा.

आपल्याकडे मैदान पोरांचं आहे. जिम तरुणांची. पारावरचा कट्टा म्हाताऱ्या पुरुषांचा. साठीच्या बाईने खेळायला जायचं कुठे? देवळात जा, भजनाला जा, हळदीकुंकवाला जा. हे सगळं चांगलंच आहे, पण त्यात कुणी हरत-जिंकत नाही. उद्यानात ओपन जिम बसवतात. लोखंडी झोके, पेडल. किती बाया साडी नेसून, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर त्यावर चढतात ते तुम्हीच बघा.

माझी सूचना स्वस्त आहे. जिथे सहा नाही, साठ फूट जागा आहे तिथे हे यंत्र न्या. वाचनालयाचा हॉल, समाजमंदिर, महिला मंडळाची खोली. जुनं वी किंवा सेकंडहँड स्विच, दोन-चार रिमोट, एक टीव्ही. एखाद्या गणेश मंडळाने एका वर्षीच्या डीजेचे पैसे वाचवले तर सगळं बसतं, वर सेल चार्ज करायचं मशीनही येतं. आठवड्यातून दोन दुपारी फक्त बायांसाठी, एक संध्याकाळ आजी-नातवंडांची जोडी.

खरी अडचण यंत्राची नाहीच. अडचण किल्लीची आहे. आपल्याकडे वस्तू येते, नारळ फुटतो, फोटो निघतो आणि मग हॉलची किल्ली कुणाकडे आहे हेच कुणाला माहीत नसतं. त्यामुळे पैशांच्या आधी माणूस ठरवा. जो दार उघडेल, सेल बदलेल, मनगटाचा पट्टा बांधायला लावेल आणि म्हणेल, "या मावशी, टाका तुम्ही." तो माणूस नसेल तर यंत्र घेऊच नका, ते कपाटात मरेल. मग पुन्हा कुणीतरी चहा पिताना म्हणेल, मोशन-फिशन सगळं फसलं.

आणि हो, कुणी याचं निमित्त करून "आता मैदानाची काय गरज" म्हणायला लागला तर त्याला माझं नाव सांगू नका. मैदान ते मैदान. पोरांना तेच पाहिजे.

आई आता थकलीय. खांदा वर जात नाही. मागच्या महिन्यात तिने मला विचारलं, "पुण्याला तो बाटल्या पाडायचा खेळ होता, तो अजून मिळतो का रे?"

मिळतो आई. फक्त आपल्या गावात तो ठेवायला सहा फूट जागा आणि एक किल्लीवाला माणूस शोधतोय.

दोन दुपारी द्यायची माझी तयारी आहे, शिफ्ट बदलून घेईन. हॉल कुणाकडे आहे ते कमेंटमध्ये सांगा. पटलं नसेल तर तिथेच भांडा, पण भांडायच्या आधी घरातल्या बाईला एकदा विचारा: तू शेवटची कधी खेळलीस?