डोक्याला खुराक : अर्धी बरणी कधी भरली?

दोस्तांनो, आधी गेल्या आठवड्याचा हिशेब मिटवू. दिसायला अगदी सारखी आठ वजनं, त्यातलं एक किंचित हलकं. ते शोधायला तराजू कमीत कमी किती वेळा वापरावा लागेल? उत्तर आहे, दोनदा. आधी तीन विरुद्ध तीन ठेवा. पारडी सारखी राहिली, तर चोर उरलेल्या दोघांत आहे; त्यांना समोरासमोर ठेवलं की संपलं. एक पारडं वर गेलं, तर त्या पारड्यातल्या तिघांपैकी कोणतीही दोन तोला. तीही सारखी भरली, तर बाजूला राहिलेलं तिसरं हलकं!

आता आजचं कोडं. हे एका व्हिडिओ गेममधलं आहे. ‘प्रोफेसर लेटन अँड द क्युरियस व्हिलेज’ हे त्याचं नाव. जपानच्या लेव्हल-फाइव्ह कंपनीनं तो २००७ साली निन्टेन्डो डीएस या दोन पडद्यांच्या, हातात मावणाऱ्या यंत्रासाठी काढला. २०१८ मध्ये तो मोबाइलवरही आला. उंच टोपी घालणारे प्रोफेसर लेटन आणि त्यांचा छोटा चेला ल्यूक सेंट मिस्टेअर नावाच्या गावात येतात. तिथले श्रीमंत बॅरन राइनहोल्ड वारले आहेत आणि मृत्युपत्रात लिहून गेले आहेत, की जो ‘सोनेरी सफरचंद’ शोधेल त्याला माझी सारी संपत्ती मिळेल. झालं! रहस्याच्या मागे गावभर हिंडायचं, आणि भेटेल तो माणूस आधी एक कोडं घालणार. ही कोडी रचण्यामागे होते अकिरा तागो. ते चिबा विद्यापीठात मानसशास्त्राचे प्राध्यापक होते आणि १९६६ पासून त्यांची कोड्यांची पुस्तकं जपानमध्ये निघत होती.

या गेममध्ये चुकीचं उत्तर दिलं की गुण कापले जातात आणि सूचना हवी असेल तर नाणं मोजावं लागतं. तेव्हा घाई नको. ऐका.

एका काचेच्या बरणीत एक जंतू आहे. एका मिनिटात त्याचे दोन होतात, पुढच्या मिनिटात दोनाचे चार, मग आठ. असं करत करत बरोबर एका तासात बरणी काठोकाठ भरते. सुरुवातीला एकाऐवजी दोन जंतू टाकले असते, तर बरणी किती मिनिटांत भरली असती?

थांबा, खाली वाचू नका. आधी मनात एक आकडा धरा.

‘तीस!’ म्हणालात ना? दोन नळ सोडले की टाकी निम्म्या वेळात भरते, मग दोन जंतूंनी बरणीही निम्म्या वेळात भरेल, असं वाटणं साहजिक आहे. पण नळाची धार सारखी असते. जंतूंचं तसं नाही. इथे जेवढे जास्त जंतू, तेवढी भर जास्त.

आता एक सोपी युक्ती. एका जंतूच्या बरणीकडे पहिल्या मिनिटानंतर बघा. आत किती जंतू आहेत? दोन. म्हणजे दोन जंतूंची बरणी हा तोच सिनेमा आहे, फक्त पहिलं मिनिट कापलेला. राहिली किती मिनिटं? एकोणसाठ! हेच उत्तर. सुरुवात दुप्पट केली आणि वाचलं फक्त एक मिनिट.

अजून पटत नसेल, तर सिनेमा उलटा चालवा. ६०व्या मिनिटाला बरणी पूर्ण भरलेली. मग ५९व्या मिनिटाला? अर्धी. ५८व्या मिनिटाला पाव. ५५व्या मिनिटाला फक्त बत्तिसावा हिस्सा. आणि ५०व्या मिनिटाला जेमतेम हजारावा! म्हणजे शेवटची दहा मिनिटं उरली असताना कुणी बरणीत डोकावलं असतं, तर म्हणालं असतं, “छे, ही तर रिकामीच आहे!”

आता थोडी प्रोफेसरांचीच उलटतपासणी घेऊ. साठ वेळा दुप्पट केल्यावर किती जंतू होतात? १ वर सुरू करून वहीत मांडून बघा. उत्तर एकोणीस आकडी येतं. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त मोठ्या संख्यांची जी यादी आहे, तिच्या टोकाला परार्ध आहे, म्हणजे एकावर सतरा शून्यं. आपले जंतू भरतात साडेअकरा परार्ध! पोटात राहणारा ई. कोलाय हा जंतू इतका बारीक, की एका घन मिलिमीटरमध्ये ढोबळमानानं शंभर कोटी मावतील. एका लिटरमध्ये दहा लाख घन मिलिमीटर असतात. करा गुणाकार-भागाकार. बरणी निघते सुमारे साडेअकराशे लिटरची, म्हणजे गच्चीवरच्या मोठ्या टाकीएवढी! ल्यूक ती कशी उचलणार?

शिवाय मिनिटाला दुप्पट होणारा जंतू खरोखर नाही. ई. कोलायला भरपूर अन्न आणि अंगाला सोसणारी ऊब मिळाली, तर साधारण वीस मिनिटं लागतात. तरी ते कमी समजू नका. तासात तीन वेळा दुप्पट, म्हणजे आठ तासांत चोवीस वेळा. एकाचे होतात १,६७,७७,२१६. रात्री बाहेर राहिलेली आमटी सकाळी आंबते ती उगीच नव्हे. अर्थात, ही धाव कायम टिकत नाही. अन्न संपतं, जंतूंनीच टाकलेली आम्लं साठतात आणि वाढ मंदावते.

आता खरी गंमत बघा. दुप्पट व्हायला वीसऐवजी चाळीस मिनिटं लागली, तर आठ तासांत बाराच वेळा दुप्पट. एकाचे होतात फक्त ४,०९६. कुठे पावणेदोन कोटी आणि कुठे चार हजार! सुरुवातीचे जंतू निम्मे केले तर एक फेरी वाचते. वेग निम्मा केला तर खेळच बदलतो. फ्रिज हेच करतो. तो बहुतेक जंतूंना मारत नाही, त्यांची पावलं मंद करतो. म्हणून उरलेलं जेवण ‘नंतर ठेवू’ म्हणत दुपारभर ओट्यावर ठेवू नये.

दह्याचंही हेच. विरजण दुप्पट घातलं म्हणून दही निम्म्या वेळात लागत नाही. थंडीत आजी विरजण वाढवण्यापेक्षा भांडं टॉवेलात गुंडाळून उबेला ठेवते. तिनं वेगच सांभाळला, नाही का?

आता तुमची पाळी. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात अल्बर्ट बार्टलेट (१९२३–२०१३) नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. लोकसंख्या आणि इंधन यांवरच्या व्याख्यानांत ते हेच जंतू पुढे नेत. समजा, बरणी भरत आली तेव्हा जंतूंना तेवढ्याच मोठ्या आणखी तीन रिकाम्या बरण्या सापडल्या. जागा एकदम चौपट! पहिली बरणी भरल्यानंतर उरलेल्या तिन्ही भरायला किती मिनिटं लागतील?

तीन तास म्हणणाऱ्यांचे गुण कापले जातील! उत्तर पुढच्या अंकात. तोवर हे कोडं आईबाबांना घाला, आणि त्यांनी ‘तीस’ म्हटलं की सिनेमा उलटा चालवून दाखवा.