विश्लेषण : उपचार संपले, धास्ती कायम, कॅन्सरनंतर ऑनलाइन ‘माइंडफुलनेस’ अणदूरच्या कामाचे आहे का?

गाठ गेली, किरणोपचार संपले, डॉक्टरांनी ‘आता सहा महिन्यांनी या’ असे सांगितले की घरचे निर्धास्त होतात. रुग्णाची धास्ती मात्र अनेकदा इथूनच सुरू होते. पाठ दुखली तरी ‘परत तेच असेल का?’ फेरतपासणीची तारीख जवळ आली की झोप उडते. पुण्या-मुंबईत यासाठी समुपदेशक मिळतो. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरसारख्या गावातून कॅन्सरच्या उपचारांसाठीच सोलापूर किंवा बार्शी गाठावी लागते, तिथे मनासाठी वेगळी फेरी कोण मारणार?

धाराशिवकडे यासाठी पाहायला हवे, कारण या जिल्ह्याने जगाला एक उत्तर दिले आहे. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर १९९९ मध्ये इथे सुरू झालेल्या अभ्यासात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ महिला होत्या. टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय त्यात होते. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्मे होतात, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटावरून पुढे वादही झाला. पण वाचलेल्या बायकांचे पुढचे आयुष्य कसे गेले, हा प्रश्न चर्चेत आलाच नाही.

माइंडफुलनेस म्हणजे नेमके काय?

मन रिकामे करणे नव्हे. श्वास, अंगातली संवेदना, डोक्यात आलेला विचार जसा आहे तसा पाहणे. ‘कॅन्सर परत आला असेल’ हा विचार आहे, रिपोर्ट नव्हे, एवढा फरक सरावाने कळू लागतो. अमेरिकेत जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये याचा आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बांधला. मुळे बौद्ध परंपरेतली. इगतपुरीची विपश्यना ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे परके वाटू नये.

यामुळे गाठ विरघळत नाही. तसे सांगणाऱ्या व्हिडिओपासून लांब राहावे. चिंता आणि नैराश्य मात्र कमी होते, आणि २०२३ मध्ये अमेरिकेतील कॅन्सरतज्ज्ञांच्या संघटनांनी उपचारांदरम्यान व नंतरही या पद्धतीची शिफारस केली.

ऑनलाइन चालते का?

चालते, पण एका अटीवर. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात प्रत्यक्ष वर्गाला पोहोचू न शकणाऱ्या ६२ जणांना व्हिडिओवरून शिकवले गेले; त्यांचा ताण कमी झाला. नेदरलँड्समध्ये २४५ रुग्णांच्या अभ्यासात वर्ग आणि ऑनलाइन, दोन्हींचा फायदा दिसला, मात्र मध्येच सोडून देणारे ऑनलाइन गटात जास्त होते. दोन्हीकडे पलीकडे शिकवणारा माणूस होता, हे लक्षात ठेवायला हवे. नुसते अ‍ॅप उतरवून घेणे ही वेगळी गोष्ट.

खेड्यात तर अ‍ॅपचा उपयोग आणखी कमी. फोन बहुतेकदा नवऱ्याचा किंवा मुलाचा असतो. दोन खोल्यांच्या घरात डोळे मिटून वीस मिनिटे बसायला जागा नसते, आणि गर्भाशयाचा आजार घरात उच्चारलाही जात नाही. तोंडाच्या कॅन्सरमधून उठलेले पुरुष तर बहुधा बोलतच नाहीत. त्यात ध्वनिफिती इंग्रजीत, नाहीतर प्रवचनी मराठीत.

अणदूरकडे मात्र एक गोष्ट आहे, जी अ‍ॅपकडे नाही. हॅलो मेडिकल फाउंडेशनने इथे केंद्र ठेवून गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देत ‘भारतवैद्य’ घडवल्या. अशी ओळखीची बाई, उपकेंद्रातली एक खोली, एक फोन, स्पीकर आणि पडद्यावर साध्या मराठीत बोलणारा प्रशिक्षक, इतक्यात सहा-आठ जणींचा गट बसू शकतो. गैरहजर राहिलेलीच्या दारात दुसऱ्या दिवशी कोणी जाऊ शकते, हा यातला खरा फायदा. हे काम आशाताईंच्या माथी फुकट मारू नये; मानधन ठरवूनच द्यावे.

काही सावधगिरी हवी. फुप्फुसाचा किंवा घशाचा आजार होऊन गेलेल्यांना श्वासाकडे पाहताना घाबरायला होऊ शकते. त्यांनी तळपायांच्या स्पर्शाकडे किंवा आवाजांकडे लक्ष द्यावे. नवी गाठ, रक्तस्राव, घटणारे वजन दिसल्यास ध्यानाला न बसता थेट डॉक्टर गाठावा. जगणे नकोसे वाटत असेल, तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीत बोलता येते.