मासा दिसेल का? आधी पाण्यात ताटली सोडा

घरात गळ टाकून तासन्‌तास बसणारं एखादं माणूस असेल, तर ‘फिशिंग कॅमेरा’ची जाहिरात तुमच्या मोबाइलवर एव्हाना येऊन गेली असेल. लांब केबलच्या टोकाला लिंबाएवढा कॅमेरा, हातात छोटा स्क्रीन आणि स्क्रीनवर काचेसारख्या पाण्यात आमिषाभोवती घुटमळणारा मासा. बाबांच्या साठीला यापेक्षा चांगली भेट कोणती, असं वाटणं साहजिकच. पण पैसे भरण्याआधी विचारा, जाहिरातीतलं ते पाणी कुठलं?

हे कॅमेरे लोकप्रिय झाले ते प्रामुख्याने उत्तर अमेरिकेतल्या थंड मुलखात. तिथे हिवाळ्यात तळी गोठतात आणि लोक बर्फाला भोक पाडून गळ सोडतात. बर्फाखाली वारा नाही, लाटा नाहीत, तळाचा गाळ ढवळला जात नाही. त्यामुळे पाणी बरेचदा नितळ असतं. म्हणजे जाहिरातीतलं चित्र खोटं नसेलही, पण ते आपल्या धरणाचं नसतं. उजनीच्या शेवाळी पाण्यात तोच कॅमेरा सोडला तर स्क्रीनवर हिरवा पडदा दिसेल, मासा हातभर अंतरावर असला तरी. पावसाळ्यात आपल्या बहुतेक नद्या दुधाच्या चहासारख्या असतात, तेव्हा तर विषयच संपला.

म्हणून पहिली खरेदी कॅमेऱ्याची नको, आधी पाणी तपासा. त्याची युक्ती जुनी आहे. इटलीतले खगोलशास्त्रज्ञ आणि धर्मगुरू अँजेलो सेकी यांनी १८६५ साली पांढरी तबकडी समुद्रात सोडून, ती किती खोलीवर दिसेनाशी होते यावरून पाण्याची पारदर्शकता मोजली. तबकडीची ही पद्धत आजही वापरात आहे. आपल्याला घरातली जुनी पांढरी मेलामाइनची ताटली पुरते. स्टीलची नको, ती चकाकते. ताटलीला तीन भोकं पाडा, खाली दगड बांधा, दोरीला अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी मारा. दुपारच्या उजेडात, सावलीच्या बाजूने ती सरळ खाली सोडा आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजा. मुलांना हा खेळ फार आवडतो, पण धरणाच्या काठावर किंवा होडीत त्यांच्या अंगात लाइफ जॅकेट हवंच.

माझा हिशेब सोपा आहे. ताटली एका मीटरच्या आत गडप झाली, तर कॅमेरा घेऊ नका. दोन मीटर किंवा त्याहून खाली दिसत राहिली, तर खुशाल घ्या. मधल्या पाण्यासाठी घाई नको. दिवाळीनंतर, गाळ खाली बसल्यावर पुन्हा मोजा. तुम्ही बडोद्यात असा, बेळगावात किंवा इंदुरात, मोजायचं ते तुमच्याच नेहमीच्या पाणवठ्यावर.

गढूळ पाण्यात मासे शोधायचेच असतील तर ‘फिश फाइंडर’ बघा. तो ध्वनिलहरी सोडतो आणि परत आलेल्या प्रतिध्वनीवरून खोली, तळ आणि माशांच्या खुणा दाखवतो. गाळ त्याला फारसा आडवा येत नाही. स्क्रीनवर रोहू आहे की कटला, हे मात्र कळत नाही. ठिपके आणि कमानी दिसतात. ज्याला मासा पकडायचा आहे त्याचं त्यावर भागतं. ज्याला मासा बघायचा आहे त्याचं भागत नाही, आणि भेट घेताना आपल्या माणसाला नेमकं काय हवंय हे आपल्यालाच ठाऊक असतं.

पाणी परीक्षेत पास झालं असेल, तर आता कॅमेऱ्याकडे वळू.

सगळ्यात जास्त फसगत दिव्यांची होते. ‘१२ इन्फ्रारेड दिवे’ असं ठळक लिहिलेलं असतं. इन्फ्रारेड प्रकाश बहुतेक माशांना दिसत नाही, ही त्याची जमेची बाजू. पण पाणी हा प्रकाश झपाट्याने शोषून घेतं. ८५० नॅनोमीटरचा प्रकाश मीटरभर जाईपर्यंत जवळजवळ संपतो आणि ९४० नॅनोमीटरचा त्याच्याही आधी. शिवाय चित्र कृष्णधवल दिसतं. पांढरा दिवा लांब पोहोचतो, पण पाण्यात कण तरंगत असतील तर धुक्यात गाडीचा हेडलाइट लावल्यासारखं होतं. म्हणून दिव्यांची संख्या मोजत बसू नका. दोन्ही प्रकारचे दिवे असावेत, त्यांचा उजेड कमीजास्त करता यावा आणि मुख्य म्हणजे ते पूर्ण बंद करता यावेत. दिवसा उथळ पाण्यात दिवा नसलेलंच बरं.

कोनाचंही तसंच. सपाट काचेतून हवेत १२० अंश दिसत असतील, तर पाण्यात प्रकाश वाकल्यामुळे साधारण ८० अंशच दिसतात. मासाही असतो त्यापेक्षा जवळ आणि मोठा वाटतो. (घरी आल्यावर सांगितलेला आकार मात्र याहून मोठा असतो, त्यात कॅमेऱ्याचा दोष नाही.)

‘वायरलेस’ या शब्दावर भाळू नका. वाय-फाय गोड्या पाण्यात जेमतेम काही सेंटिमीटर जातं, खाऱ्या पाण्यात त्याहून कमी. थेट चित्र हवं तर पाण्यातून वर येणारी केबल लागणारच. दोरीला बांधून फेकायचे छोटे कॅमेरे मिळतात, ते आत चित्रीकरण करतात आणि आपण नंतर बघतो. नातवंडांना दाखवायला छान, पण गळ कुठे टाकावा हे ठरवायला निरुपयोगी. नळाच्या पाइपात घालायचा स्वस्त कॅमेराही फिशिंगचा म्हणून विकला जातो. त्याला बोटभर अंतरावरचंच स्पष्ट दिसतं.

केबल १५ मीटरची बहुतेकांना पुरते. लांबीपेक्षा ती किती ओढ सहन करते ते विचारा. आपल्या जलाशयांच्या पोटात बुडालेली झाडं आहेत, जुन्या गावांच्या भिंती आहेत. उजनीचं पाणी ओसरलं की पळसदेवचं मंदिर वर येतं, हे अनेकांनी पाहिलं असेल. अशा ठिकाणी केबल अडकते आणि ओढाओढीत तुटते. स्क्रीनला उन्हाची झडप हवी, नाहीतर दुपारी त्यात स्वतःचाच चेहरा दिसेल.

आणखी एक. महाराष्ट्रात बऱ्याच तलावांतल्या मासेमारीचा ठेका स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. त्यांना विचारूनच गळ टाका. कुठे पाणी नितळ आणि कुठे खाली झाडं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

वस्तू घरी आली की परत करण्याची मुदत आधी बघून ठेवा. ‘आयपी ६७’ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, इतकंच. ‘आयपी ६८’मध्ये खोली आणि वेळ कंपनी ठरवते, त्यामुळे तो आकडा पुस्तिकेत शोधा. मग कॅमेरा रात्रभर पाण्याच्या पिंपात ठेवा. सकाळी काचेच्या आतून वाफ धरलेली दिसली तर लगेच परत पाठवा. दिसली नाही, तरी पिंप मीटरभरच खोल असतं आणि दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाने वाढतो. तेव्हा मुदत संपायच्या आत एका रविवारी धरणावर जा आणि कंपनीने लिहिलेल्या खोलीच्या आत राहून, रोज वापरायचा तेवढ्या खोलीवर कॅमेरा तासभर सोडून बघा.